एकदाही न उतरता

खारवाडे गावातून पेण-अलिबाग रस्त्याला लागायचं तर खाडीच्या बांधावरून दीड किलोमीटर यावं लागतं, आणि त्या दीड किलोमीटरात सात गतिरोधक आहेत. त्यांतला एकही सरकारी नाही. गावात ज्यानं ज्यानं घराचा स्लॅब टाकला, त्यानं उरलेलं काँक्रीट फुकट जाऊ नये म्हणून घरासमोरच्या रस्त्यावर आडवं ओतलं. त्यामुळे गतिरोधकाच्या उंचीवरून घर किती मजल्यांचं आहे ते कळतं. माजी सरपंच विठोबा घरत यांचं घर तीन मजली आहे.

अशा गावात दिपेश घरतनं जमिनीला पोट घासत चालणारी, दोन दारांची, पिवळ्या रंगाची स्पोर्ट्स कार आणली. सेकंडहँड आणली, आणि ती मुळातच बुटकी असताना वरून पैसे देऊन आणखी बसवून घेतली. का, ते गेल्या तीन वर्षांत कुणाला समजलेलं नाही. घरात बंदरावर चालणारे तीन ट्रेलर होते. वडील दत्तात्रेय यांचा जन्म मिठाचे ट्रक भरण्यात गेला. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, डिकी उघडली, बंद केली आणि विचारलं, "हिच्यात भरायचं काय?" काही माणसांना एखादी गोष्ट आवडते, एवढंच. त्यात समजण्यासारखं काही नसतं.

गाडीचा खरा त्रास झाला तो त्याच्या धाकट्या बहिणीला. जागृती पेणच्या एका दवाखान्यात नर्स होती. दिपेश रोज सकाळी तिला कौतुकानं गाडीतून सोडायला निघे. पहिला गतिरोधक आला की गाडी थांबे. जागृती उतरे, पुढे जाऊन वाके, गाडीच्या पोटाखाली नजर लावे आणि हातानं खुणावत म्हणे, "ये. ये. ये. डावीकडं घे. ये. झाली पार." मग बसे. दोनशे पावलांवर पुन्हा उतरे. सकाळी सात वेळा, संध्याकाळी सात वेळा, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, पावसाळ्यात छत्री धरून. एकदा तिची एक मैत्रीण म्हणाली, तुझी मज्जा आहे बाई, स्पोर्ट्स कारनं येतेस. जागृतीनं तिला आपल्या बुटांचे तळवे दाखवले.

गेल्या वर्षी चुलतभाऊ विनेशच्या लग्नात या गाडीनं जे केलं ते तर सगळ्या तालुक्याला माहीत आहे. नवरीला दिपेशच्या गाडीतून वाजतगाजत आणायचं ठरलं. मागच्या चिमुकल्या सीटवर नवरीच्या दोन बहिणी कोंबल्या. गावाकडून मोजलं तर तिसऱ्या गतिरोधकावर गाडीचा मागचा भाग दबला, बाहेर काढलेलं रुंद चाक वर गेलं आणि मडगार्डच्या पत्र्यानं टायर सुरीनं कापावा तसा कापला. नवरी मांडवात पोचली ती भांड्यांच्या टेंपोतून, घंगाळाला धरून. विनेशची बायको दिपेशशी आजही नीट बोलते. फक्त टायरचा विषय निघाला की उठून आत जाते.

त्यामुळे माघात जागृतीचं लग्न रेवसजवळच्या जीवनशी ठरलं, तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"दादा, तुझ्या गाडीतून मी जानार न्हाय."

"का?"

"कारन मी तुझ्या गाडीत बसत न्हाय. तुझ्या गाडीबरोबर चालते. लग्नाच्या दिवशी मला चालायचं न्हाय. मी बाबांच्या ट्रेलरच्या केबिनमधी बसून जाईन."

दिपेशला हे लागलं, आणि ते का लागलं हेही सांगून टाकलेलं बरं. ही दोघं लहान असताना बाप त्यांना कधीमधी मिठाच्या ट्रकातून पुण्यापर्यंत न्यायचा. दोघं इंजिनाच्या झाकणावर गोणपाट टाकून बसायची, कारण झाकण तापायचं. दिपेश नऊ वर्षांचा आणि ती पाच. तो जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, थाळी हातात धरून स्टिअरिंगसारखी फिरवायचा. घाटात एकदा तिनं विचारलं होतं, तुझ्या गाडीत मी कुठं बसू? तो म्हणाला होता, बाजूला. आणि लग्नाला पन मीच नेनार तुला. तिला ते आठवत असेल की नाही, त्यानं कधी विचारलं नाही. त्याला आठवत होतं.

"एकदाही उतरावं लागनार न्हाय," तो म्हणाला.

"सातच्या सात?"

"सातच्या सात."

"विठोबाकाकांचा पन?"

"तो पन," तो म्हणाला.

"मग बसेन," जागृती म्हणाली. "एकदा जरी दार उघडावं लागलं, तर तिथून ट्रेलर."

दुसरा कुणी असता तर त्यानं त्याच दिवशी भाड्याची उंच गाडी सांगून टाकली असती. दिपेशनं वही आणली. विनेशच्या लग्नात जे झालं त्यात चूक मापाची होती, गाडीची नव्हती, असं त्याचं पक्कं मत होतं. माप चुकलं तर माप सुधारायचं. पुढचे अडीच महिने ट्रेलरचे ड्रायव्हर डिझेलसाठी फोन करत राहिले आणि हा चाकांची गणितं मांडत राहिला.

चाकांचं गणित बाहेरून दिसतं तितकं सोपं नाही. चाक किती इंची, किती रुंद, टायरची भिंत किती उंच हे तर झालंच. पण खरी मेख असते ऑफसेट नावाच्या आकड्यात. चाक गाडीच्या आत दडून बसणार की बाहेर डोकावणार, ते तो आकडा ठरवतो. आकडा मोठा घेतला तर चाक आत जातं आणि गाडी गाल बसलेल्या माणसासारखी दिसते. फार लहान घेतला तर चाक बाहेर येतं आणि विनेशचं लग्न होतं. दिपेशला पाहिजे होतं ते मधलं. टायर आणि मडगार्ड एका रेषेत, दोघांच्या मध्ये फक्त नख जाईल एवढी फट. त्या फटीचे फोटो तो जेवताना बघायचा. आई, कमळ, भाकरी वाढता वाढता डोकावायची आणि म्हणायची, "मुलगी कुठाय ह्याच्यात?" तिला वाटायचं, पोरगा स्थळं बघतोय.

शेवटी त्यानं एकोणीस इंची, साडेनऊ इंच रुंद, काळपट सोनेरी रंगाची चार चाकं मागवली. ती मुंबईहून रोरो बोटीतून मांडव्याला उतरली आणि दिपेश ती आणायला स्वतः गेला. नवऱ्यामुलाच्या कपड्यांची खरेदी त्याच दिवशी होती. तिला तो गेला नाही.

गतिरोधकही त्यानं मोजले. एका सकाळी तो विठोबाच्या दारात टेप घेऊन रस्त्यावर उकिडवा बसला होता, तेव्हा विठोबा दात घासत ओट्यावर आले. सत्तरीचे गृहस्थ, अजूनही गावात सरपंच म्हटलं की हेच मागे वळतात.

"काय मोजतोस?"

"उंची, काका."

"किती भरली?"

"सात इंच."

विठोबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "कमी करायचा न्हाय हा," ते म्हणाले. "माझा नातू रस्त्यावर खेळतो."

विठोबांचा नातू चोवीस वर्षांचा आहे आणि दुबईला असतो. दिपेशनं तो विषय काढला नाही. सात इंच वहीत लिहिले आणि निघाला.

चाकं बसवायला तो सदाकडे गेला. पेण-अलिबाग रस्त्यावर वडखळच्या पुढे सदाचं दुकान आहे. सदानं वीस वर्षं ट्रकची चाकं सरळ केली. आता अलिबागला बंगले बांधलेल्यांच्या गाड्या त्याच्याकडे येतात, पण सवयी ट्रकच्याच राहिल्या. दुकानाला लागून मिठाचं गोदाम आहे, आणि सदा कुठलीही गाडी, कितीही महागाची असो, रिकामी मोजत नाही. गोदामातून पन्नास किलोचं पोतं आणायचं, ज्या सीटवर माणूस बसणार त्या सीटवर ठेवायचं, मग बोटांनी फट बघायची. मुंबईची गिऱ्हाइकं आधी घाबरतात. मग तो सीटवर प्लास्टिक अंथरतो.

"पुढं कोन?" सदानं विचारलं.

"जागृती."

"वजन?"

"चौपन्न."

"तिनं सांगितलं?"

"नर्स हाय ती, सदाभाऊ."

"मग खरं असंल." त्यानं एक पोतं आणून पुढच्या सीटवर बसवलं. गाडी टूं टूं करायला लागली, कारण सीटवर वजन होतं आणि पट्टा लावलेला नव्हता. सदानं पोत्याला पट्टा लावला. गाडी गप्प झाली. "मागं कोन?"

"मागं कोनी न्हाय."

"नक्की?"

"नक्की. आम्ही दोघंच."

सदाच्या घरातून तीन मुलींची लग्नं झालेली होती. त्यानं दिपेशकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं आणि पाना उचलला. गिऱ्हाइकाला कुठलीही गोष्ट दोनदाच विचारायची, असा त्याचा नियम होता.

चाकं चढली. सस्पेन्शन दोन बोटं वर घेतलं. गतिरोधकाच्या मापाचा लाकडी ओंडका आडवा टाकून सदानं गाडी त्यावरून तिरकी काढली. पोतं पुढच्या सीटवर जरासं डोललं. कुठे घासलं नाही. मागच्या चाकाशी एक बोट फट उरली. आणि गाडी दिसायला म्हणाल तर, सदासारख्या माणसानंही विडी पेटवायची थांबवून दोन मिनिटं बघितली.

लग्न रविवारी होतं. दिपेशनं गाडी गुरुवारी घरी आणली, आणि अंगणात मांडवाचे बांबू उभे राहत असताना बहिणीला म्हणाला, बस.

जागृती बसली. गाडी बांधावरून मुख्य रस्त्यापर्यंत गेली आणि परत आली. सात जाताना, सात येताना. विठोबांच्या गतिरोधकावर दिपेशनं स्टिअरिंग हळूच फिरवलं. गाडी तिरकी चढली, एक चाक, दुसरं चाक, पोट वरून अलगद गेलं. जागृतीचा हात दाराच्या कडीवर होता. तो तिथंच राहिला.

"न्हाय घासली," ती म्हणाली.

"न्हाय घासली."

"मग मी ह्याच गाडीतून जानार," जागृती म्हणाली आणि हसली. लग्न ठरल्यापासून दिपेश इतका सुखी झाला नव्हता. त्याला वाटलं, अडीच महिने कारणी लागले.

अंगणात परतले तेव्हा सोनाआत्या उभी होती. दत्तात्रेयांची थोरली बहीण सोनाबाई, दोन घरं सोडून राहणारी, चौसष्ट वर्षांची. मिठागरावर तीस वर्षं पाट्या वाहिलेली बाई. अंगानं दणकट होती, पुढे वाहणं सुटलं आणि खाणं राहिलं. नाकात नथ, हातात पिशवी.

"आता मला बसव," ती म्हणाली. "मला मागं ना रे?"

दिपेशनं आत्याकडे बघितलं, मागच्या चाकाकडे बघितलं. मग सगळंच ध्यानात आलं.

नवरी सासरी एकटी जात नाही. तिच्याबरोबर पाठराखीण जाते, चार दिवस तिच्याशेजारी निजते, तिला नव्या घरात पहिला चहा कुठे करायचा ते बघून देते, आणि पाचव्या दिवशी मांडव परतायला तिला घेऊन येते. घरतांच्या घरातून गेल्या तीस वर्षांत अकरा नवऱ्या गेल्या आणि अकराही जणींची पाठराखीण सोनाआत्याच होती. हे खारवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दिपेशनं टायरच्या भिंतीची उंची मिलिमीटरमध्ये काढली होती, विठोबांचं काँक्रीट मोजलं होतं, पेट्रोल किती लिटर असताना मागचा भाग किती दबतो तेही वहीत होतं. आत्या वहीत नव्हती.

आत्याला मागच्या सीटवर बसवायला दहा मिनिटं लागली. पुढची सीट वाकवली, आधी पिशवी गेली, मग डोकं, मग बाकीची आत्या.

"पाय कुठं ठेवू?"

"आडवे, आत्या."

"आडवे कुठं?"

विनेशनं बाहेरून ढकललं, जागृतीनं आतून ओढलं. आत्या बसली. गाडीही बसली. दिपेशनं खाली वाकून मागच्या चाकाशी बोट घालून बघितलं. बोट गेलं नाही. तरीही त्यानं गाडी काढली, कारण माणसाला आशा असते. पहिल्याच गतिरोधकावर मागून खर्रर्र असा आवाज आला आणि रबर जळाल्याचा वास सुटला. दिपेशनं ब्रेक दाबला.

जागृतीनं दार उघडलं आणि ती उतरली.

"दादाची काय चूक न्हाय," आत्या आतून म्हणाली. "मी टेंपोतून येते. भांडी सांभाळत येईन."

"मग मी पन टेंपोतून," जागृती म्हणाली. "आत्या जिथं, तिथं मी."

ती रागानं बोलली नाही, म्हणून दिपेशला जास्त वाईट वाटलं. त्याच्या मनात एक क्षण आलं होतं की आत्या खरंच टेंपोतून गेली तर काय बिघडलं. चाकं राहतील, फट राहील, फोटो चांगले येतील. मग त्यानं आरशात बघितलं. आत्या मागे तिरकी, मान वाकवून, पिशवी पोटाशी धरून बसली होती आणि आपल्यामुळे काहीतरी मोडलं असेल या भीतीनं अजिबात हलत नव्हती. त्याची त्यालाच लाज वाटली. तिला गाडीतून बाहेर काढून, घरी पोचवून, तो तसाच सदाकडे गेला.

"मागं आत्या हाय," तो म्हणाला.

"मला वाटलंच," सदा म्हणाला.

"मग सांगायचं न्हाय?"

"दोनदा विचारलं." सदानं विडी विझवली. "किती?"

"ती साठ सांगते."

"जागृती काय सांगते?"

"ब्याण्णव."

सदानं मागे दोन पोती टाकली, पिशवीसह धरून. मग वाकून बघितलं आणि सरळ सांगितलं. एवढ्या रुंद चाकावर हे जमणार नाही. गाडी वर उचलली तरी उपयोग नाही. खड्ड्यात मागचं चाक वर जाणार ते जाणारच, आणि पत्रा टायर कापणार तो कापणारच. चाक आत गेलं पाहिजे, अरुंद पाहिजे, आणि टायरची भिंत जाड पाहिजे.

"म्हंजे कुठली चाकं?"

"कंपनीची. सोळा इंची. गाडीबरोबर आलेली तुझी असतील ना?"

होती. गोठ्यामागे तीन वर्षं पडलेली होती. तीन मिळाली. चौथ्यात कमळची तांबडी कोंबडी बारा अंड्यांवर खुडूक बसली होती, आणि कमळनं ठणकावून सांगितलं की अंडी फुटेपर्यंत कोंबडी उठणार नाही. घरात लग्न आहे, दारात पाहुणे आहेत, आणि नवरीचा भाऊ कोंबडीपुढे हात जोडून उभा आहे, हे दृश्य त्या दिवशी पुष्कळांनी बघितलं. शेवटी जागृतीनं दवाखान्यातल्या सराईत हातांनी कोंबडी उचलली, अंडी एकेक करून टोपलीत घातली, कोंबडी वर ठेवली आणि चाक भावाच्या हातात दिलं.

"ही लावनार?" तिनं विचारलं. तिला त्या अडीच महिन्यांची वही माहीत होती.

"हीच."

"कशी दिसंल रे?"

"वाईट," दिपेश म्हणाला.

सदानं चाकं धुतली, जाड भिंतीचे टायर चढवले, सस्पेन्शन होतं तेवढं सगळं वर घेतलं. तीन पोती घालून ओंडक्यावरून गाडी काढली. चाकाशीही आणि पोटाखालीही पंजा जाईल एवढी जागा उरली. पोती काढल्यावर गाडी आणखी वर आली. खाडी ओलांडताना म्हातारा धोतर वर धरतो, तशी ती उभी होती. दिपेशनं तिचा फोटो काढला नाही. एकोणीस इंची चाकं सदाच्या दुकानात कोपऱ्यात ठेवून तो घरी आला. शनिवारी हळदीला डीजेसमोर गाव नाचलं, तेव्हा येणाजाणाऱ्यांनी गाडीकडे बघून हळूच एकमेकांना विचारलं, ही आजारी आहे का?

रविवारी सकाळी नऊला जागृती घरातून निघाली. धवलारणी अंगणात लग्नाची गाणी गात होत्या, कमळ पदरानं डोळे पुसत होती, आणि दत्तात्रेय ट्रेलरला टेकून उभे होते. त्यांनी तो ट्रेलर कुणाला न सांगता पहाटे धुवून ठेवला होता. लागलाच तर असावा.

आत्या आधी बसली. या वेळी सहा मिनिटांत. मग जागृती पुढे, शालू सावरत, मुंडावळ्या धरत. गाडी टूं टूं करायला लागली.

"पट्टा," दिपेश म्हणाला.

शालूवरून, हारावरून, हातातल्या नारळावरून तिनं पट्टा लावला. गाडी गप्प झाली आणि निघाली.

पहिला गतिरोधक पार झाला. दुसरा झाला. तिसरा, जिथे विनेशचं लग्न अडलं होतं, तोही झाला; मागच्या टेंपोतून विनेशच्या बायकोनं मान बाहेर काढून बघितलं आणि आत घेतली. दर वेळी गाडीचा वेग कमी झाला की जागृतीचा हात आपोआप दाराच्या कडीकडे जायचा. तीन वर्षांची सवय ती. दर वेळी मागून आत्या म्हणायची, "बस गं."

सातव्या गतिरोधकाशी, विठोबांच्या दारात, सगळं घर ओट्यावर उभं होतं. विठोबा इस्त्रीच्या सदऱ्यात होते. दिपेशनं गाडी तिरकी घेतली. पुढचं चाक चढलं, उतरलं. आत्याच्या बाजूचं चाक चढलं, गाडी दबली, दबली, आणि उतरली. काही घासलं नाही. कशाचाही वास आला नाही.

"सात?" जागृतीनं विचारलं.

"सात."

तिनं हात कडीवरून काढून मांडीवरच्या नारळावर ठेवला. गाडी मुख्य रस्त्याला लागली. आत्याला झोप लागली होती. पोयनाडच्या अलीकडच्या पुलावर जागृती समोर बघत म्हणाली, "थाळी कुठाय रे ती? जर्मनची?"

दिपेशनं गिअर बदलला. "असंल गोठ्यात," तो म्हणाला. "कोंबड्या पानी पितात."

लग्न साडेबाराला लागलं. जेवणं झाली, आहेर झाले, रडणं झालं. चारच्या सुमारास वऱ्हाड परत फिरलं. जागृती नव्या उंबऱ्यात आत्याच्या शेजारी उभी होती. दिपेश गाडीत बसत असताना ती दोन पायऱ्या उतरून आली.

"पाचव्या दिवशी मांडव परतायला न्यायला तूच ये," ती म्हणाली.

"येतो ना."

"येताना ती मोठी चाकं लावून ये."

"त्याच्यावर आत्या बसत न्हाय."

"तिला बाबा आनतील ट्रेलरमधून. तिला उंचावरून बघायला आवडतं," जागृती म्हणाली. "मी उतरेन ना."

दिपेशनं मान हलवली आणि काच वर केली, कारण काच वर करण्याखेरीज दुसरं काही त्याला करता येईना.

रिकामी गाडी रस्त्यावर टणटण उडत होती. सदानं ती तिघांच्या वजनाला लावली होती आणि आत आता एकच माणूस होता. बाजूच्या सीटवर हळदीनं माखलेले तांदळाचे चार दाणे आणि शालूचा एक जरीचा धागा. त्यांना वजन नसल्यामुळे गाडी टूं टूं करत नव्हती. पोयनाड गेलं, पूल गेला, खारवाड्याचा फाटा आला. वऱ्हाडाच्या गाड्या मागे चहाला थांबल्या होत्या. तो एकटाच बांधाच्या रस्त्याला वळला.

पहिला गतिरोधक विठोबांचा. दिपेशनं वेग कमी केला आणि गाडी थांबवली. थांबवायची काही गरज नव्हती. खालून पंजा जाईल एवढी जागा होती, रिकामीला तर त्याहून जास्त. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. डावीकडचं दार उघडेल, बंद होईल, मग पुढून हात खुणावेल, अशी काहीशी त्याचा पाय ब्रेकवर वाट बघत होता. दार उघडलं नाही.

विठोबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. लग्नाहून ते लवकर आले होते. त्यांनी थांबलेली गाडी बघितली. डावीकडची रिकामी सीट बघितली. अडकित्ता खाली ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि रस्त्यावर आले. गाडीसमोर जाऊन ते हळूहळू, कण्हत, वाकले आणि पोटाखाली नजर लावली.

तिथून बैल जाईल एवढी जागा होती. दोघांनाही ते माहीत होतं.

"ये," विठोबा हातानं खुणावत म्हणाले. "ये. ये. डावीकडं घे. ये."

दिपेशनं गाडी डावीकडे घेतली.